वाळ्याचं पाणी

संत्र्याची सालं आमच्याकडे आता कोणी फेकत नाही.
जुन्या पेपरवर, शिलाई मशीनच्या पाटावर पसरलेली असतात,
आठ दिवसांत इतकी कडक होतात
की मिक्सरने एकदा हात टेकले.
मग खलबत्ता. दोन मुठी जाडं मीठ,
एक मूठ सालांचा भुगा, फार बारीक नको,
बारीक केला की नखांत बसतो
आणि बाबांची नखं मलाच काढावी लागतात.

पळसाची फुलं मार्चमधली,
कोराडी रोडला स्कूटी आडवी लावून वेचलेली.
तेव्हा बाबा धडधाकट होते, म्हणाले होते,
"या वयात रंग खेळतं का व?"
डब्यात ती काळी पडली, मेलेल्या मुंगळ्यांसारखी,
पण कोमट पाण्यात टाकली की दहा मिनिटांत
सगळा टब केशरी.

मेडिकलमधल्या फिजिओथेरपीच्या पोरीने सांगितलं होतं:
कोमट पाण्यात हात, पंधरा मिनिटं, बोटं एकेक उघडा.
मीठ, सालं, फुलं हे माझं.
तिने दोनदा सांगितलं ते एकच:
"डाव्या हाताला चटका कळणार नाही. जपा."
म्हणून आधी माझं कोपर,
मग बाबांचा उजवा हात,
त्याने हो म्हटलं तर डावा.
डावखुऱ्या माणसाचा डावा.
गोळीबार चौकातल्या पत्र्याच्या दुकानात
कूलरच्या जाळ्या विणत
तीस उन्हाळे या हाताने
किती घरं थंड झोपवली.
आता टबात पडून असतो,
परक्या घरी जेवायला बसल्यासारखा.

वाळा मी इतवारीतून आणला, चाळीस रुपयांची पुडी.
मलमलच्या चिंधीत बांधून पाण्यात सोडला.
बाबांनी नाक ओढलं.
चार महिने "हो", "नाही", "पानी",
यापलीकडे काही बोलले नव्हते.
जीभ जड, शब्द ओठाच्या एका कोपऱ्यातून सांडत,
म्हणाले,
"हा वाळा नोहय. झाडूच्या काड्या होय.
कोनं देल्ला तुले?"

नीट ऐकू आलं होतं. तरी मुद्दाम विचारलं, काय?
चिडले. चिडून पुन्हा बोलले, आणखी स्पष्ट.
त्यांच्या रागाचं इतकं बरं
मला कधी वाटलं नव्हतं.

मग उजव्या हाताने वर दाखवलं. माळा.
शिडीवर चढले. लोखंडी चौकटी, दोन गंजके पंप,
कुणाची तरी जळालेली मोटर,
आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक जाळी,
पाण्याचा थेंब न लागलेली.
धंतोलीच्या डॉक्टरीणबाईंची ऑर्डर.
पैसे देऊन गेल्या, न्यायला आल्याच नाहीत.
"वापरू?"
बराच वेळ गेला. गिऱ्हाइकाचा माल होता.
"पैसे... परत देजो."

मी सुतळीच्या गाठी सोडायला बसले.
डावखुरी गाठ उलटी बसते,
माझ्या बोटांना तिचं टोक सापडेना.
कात्री शेजारीच होती.
शेवटी दातांनी सोडली.

मूठभर मुळं पाण्यात गेली
आणि खोलीत एप्रिल आला,
दुपारचे दोन, ओली फरशी, खिडकीतून घरघर.
करंगळी हलली का?
मला वाटलं, हलली.
बाबा म्हणाले, "पानी हाललं."
बोटं एकेक उघडली. एकेक मिटली.
पंधरा मिनिटांची वीस झाली.

मिठाचं पाणी कुंड्यांना चालत नाही,
म्हणून टब उचलून बाहेरच्या नालीत ओतला.
डिसेंबरची संध्याकाळ. मफलर बांधून
गल्लीतले लोक शेकोटीशी बसलेले.
एकेकाची मान वळली.
समोरच्या बांतेकाकू शाल सावरत दारात आल्या,
दोनदा हुंगलं, आणि ओरडल्या,
"काहून व जोसना,
एवढ्या थंडीत कूलर कोनं लावला?"